वर्षाचा आढावा लिहायचाय? सुरुवात भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करा

पहिल्यांदा आढावा लिहायला बसले तेव्हा ३१ डिसेंबरचे रात्रीचे साडेदहा वाजले होते. वर गच्चीवर सोसायटीची मंडळी पावभाजीच्या तव्याभोवती जमलेली आणि मी स्वयंपाकघरात नवी कोरी वही उघडून बसलेली. तासाभरात चार ओळी झाल्या. लेकीला ॲडमिशन मिळाली. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. येऊरला दोनदा गेलो. एक नाटक फार आवडलं. कुठलं ते मात्र आठवेना.

सासूबाई पाणी प्यायला आल्या. "एवढं काय आठवतेयस?" म्हणाल्या. सांगितलं तर भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट दाखवलं. "त्यात बघ की. माझं सगळं लिहिलेलं असतं." म्हणजे दुधाचा हिशोब, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या ताईंचे खाडे. मी उगाच चाळायला लागले आणि ऑगस्टच्या पानावर थांबले. अकरा तारखेपर्यंत प्रत्येक चौकटीत '१'. बारापासून '०॥'. एक लिटरचं दूध अर्ध्यावर आलं, कारण त्या दिवशी आम्ही लेकीला पुण्याला हॉस्टेलवर सोडून आलो होतो. माझ्या वहीत 'ॲडमिशन मिळाली' एवढंच होतं.

त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून दरवर्षी आढावा लिहिते आणि दरवर्षी कोणीतरी विचारतं की एवढं सगळं तुला आठवतं कसं. आठवत नाही. गोळा करते. ते कसं करायचं आणि मी कुठे कुठे ठेचकाळले, ते खाली क्रमाने लिहिते आहे.

आधी हे जमवून ठेवा

- घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर, बाराही पानं असलेलं
- फोन आणि त्यातले फोटो (स्क्रीनशॉटसकट)
- बँकेचं आणि यूपीआयचं वर्षभराचं स्टेटमेंट
- वाचनालयाचं कार्ड किंवा पुस्तकांच्या पावत्या
- नाटक-सिनेमाची तिकिटं; पर्सच्या कप्प्यात, पुस्तकांत खुणेला घातलेली, सगळी
- ओटीटी, यूट्यूब आणि गाण्यांच्या ॲपमधली पाहिल्या-ऐकल्याची नोंद
- आरोग्याची फाइल
- साधी दोनशे पानी वही. एक्सेल चालेल, पण पहिल्या वर्षी वहीच घ्या. एक्सेलमध्ये माणूस रकान्यांना रंग देत बसतो.

वेळ म्हणाल तर तीन रविवारच्या दुपारी. एका रात्रीत होत नाही, ते मी करून पाहिलंय.

१. वर्ष कुठून कुठपर्यंत, ते ठरवा

हे सोपं वाटतं, पण इथेच बरेच जण अडतात. जानेवारी ते डिसेंबर धरलं तर फोटो, स्टेटमेंट, ॲप सगळं त्याच हिशोबाने मिळतं. पाडवा ते पाडवा धरणारी माझी एक मैत्रीण आहे. इथे ठाण्यात कौपिनेश्वर मंदिराची पाडव्याची स्वागतयात्रा बघून घरी आली की श्रीखंडाआधी वही उघडते. ज्यांच्या घरी मार्चएंडशिवाय दुसरा सण नसतो त्यांनी खुशाल एप्रिल ते मार्च धरावं.

वाचणाऱ्यांची पंचाईत वेगळी. आपलं वाचनाचं वर्ष दिवाळीला सुरू होतं. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही सवय आपल्याला लागलेली आहे. नोव्हेंबरात आणलेला अंक फेब्रुवारीपर्यंत उशाशी असतो. तो कुठल्या वर्षात घालायचा? माझा नियम असा: शेवटचं पान ज्या दिवशी उलटलं त्या दिवसाच्या वर्षात. अर्धवट राहिलेला अंक कुठल्याच वर्षात नाही.

काहीही ठरवा, पण एकदा ठरवलं की बदलू नका. दुसऱ्या वर्षी मी 'या खेपेला दिवाळी ते दिवाळी करू' म्हटलं आणि दोन महिने दोन्हीकडे मोजले गेले.

२. आठवू नका, आधी गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिला अख्खा रविवार याच्यासाठी.

*कॅलेंडर.* घरातल्या ज्या माणसाच्या हातात कॅलेंडर असतं त्याला शेजारी बसवा. आमच्या सासूबाईंच्या खुणा त्यांच्याशिवाय कोणाला कळत नाहीत. गोल म्हणजे सिलिंडर. फुली म्हणजे ताईंचा खाडा. 'डॉ.' म्हणजे डॉक्टर. पण एकदा ते डोंबिवली निघालं, नणंदेकडचं. सलग आठ दिवस 'दूध नाही' दिसलं तर विचारा, आपण कुठे होतो. आमच्याकडे त्या आठ दिवसांतून दिरांच्या लग्नाची पूर्ण गोष्ट निघाली, पत्रिका छापताना तिथी चुकल्यासकट.

*फोटो.* महिन्याप्रमाणे खाली सरकत जा, पण चांगल्या फोटोंवर रेंगाळू नका. ते तुम्हाला आठवतातच. स्क्रीनशॉट बघा. त्यांत नाटकाची जाहिरात असते, कोणीतरी सुचवलेल्या पुस्तकाचं नाव असतं, ट्रेन चुकल्यावर काढलेलं वेळापत्रक असतं. माझ्या निम्म्या आवडीनिवडींचा उगम स्क्रीनशॉटमध्येच सापडतो.

*यूपीआय.* स्टेटमेंट उतरवून घ्या. अडचण एकच: दुकानाच्या क्यूआर कोडवर दुकानाचं नाव असेलच असं नाही, मालकाचं किंवा त्याच्या बायकोचं असतं. अशा वेळी नाव सोडा, वार आणि वेळ बघा. रविवारी सकाळी सव्वाआठला, दर पंधरा दिवसांनी, अनोळखी नावाला पैसे? आमच्याकडे ती तहसील कचेरीजवळची मामलेदारची मिसळ निघाली. मधे दोन महिने ती नोंदच नाही. तेव्हा नवऱ्याला पित्ताने धरलं होतं.

*प्रवास.* रेल्वेचा पास ॲपवर काढत असाल तर कोणत्या महिन्यात ऑफिसला जात होतात ते कळतं. मी ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीला जाते. पास काढला नाही तो महिना घरून काम केल्याचा. गाडीवाल्यांना फास्टॅगच्या नोंदी कामाला येतात, पण त्यांतून मुंबईच्या खेपा शोधायला जाऊ नका. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे, त्यामुळे मुलुंड आणि ऐरोलीच्या नाक्यावरून कितीदा गेलात याचा तिथे आता मागमूस नसतो. पुणे-नाशिकच्या खेपा मात्र दिसतात.

*नकाशाची टाइमलाइन.* चालू असेल तर उत्तम. पण गूगलने ती आता तुमच्या फोनमध्येच ठेवायला सुरुवात केली आहे. बॅकअप चालू नसताना फोन बदललात तर ती गेलीच.

आणि फोनचं निघालंच आहे तर: तिसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, मी नवा फोन घेतला. दुकानातल्या मुलाने 'सगळं आलंय मॅडम' म्हणून सांगितलं, मीही मान हलवली आणि जुना फोन तिथेच एक्स्चेंजमध्ये दिला. घरी येऊन पाहिलं तर व्हॉट्सॲपवरच्या गप्पा त्या दिवसापासून सुरू. स्वतःलाच पाठवलेल्या वर्षभराच्या नोंदी गेल्या. चूक माझीच, समोर उभं राहून तपासायला हवं होतं. तुम्ही जुना फोन निदान आठवडाभर हातातून सोडू नका.

*तिकिटं.* मल्टिप्लेक्सचं गुळगुळीत कागदावरचं तिकीट वर्षभरात पांढरं पडतं. ती उष्णतेवर उमटणारी छपाई आहे, पर्समध्ये टिकत नाही. आणलं त्याच दिवशी फोटो काढा. नाटकाची तारीखच आठवत नसेल तर पेपरच्या जुन्या ई-आवृत्तीतल्या नाटकांच्या जाहिराती बघा. नाटक, नाट्यगृह, वार, वेळ असं सगळं एका चौकटीत असतं. माझं ते 'कुठलं ते आठवेना' नाटक मला तिथेच सापडलं, शनिवार दुपार, गडकरी रंगायतन.

३. बारा पानं करा

वहीत महिन्याला एक पान. जे जे सापडलं ते तारखेसकट, एका ओळीत, काहीही न गाळता. 'फ्रिजचं दार बदललं' हेही. इथे सुंदर वाक्यं लिहायची नाहीत.

एखादं पान रिकामं राहील. आमच्याकडे फेब्रुवारी राहतो. राहू द्या.

४. त्यातून टप्पे निवडा

आता दुसरा रविवार. बारा पानं वाचत जायचं आणि प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारायचा: याच्यानंतर घरातलं, कामातलं किंवा माझ्यातलं काही बदललं का? बदललं असेल तर टप्पा. नाहीतर ती नुसती घटना, कितीही पेढे वाटलेले असोत.

ही चाळणी लावल्यावर गंमत होते. माझ्या पहिल्या यादीत ऑफिसातला पुरस्कार होता. शाल, श्रीफळ, फोटो. त्याने काहीच बदललं नव्हतं. उलट मार्चमध्ये सासूबाईंनी एकटीने रिक्षा ॲप वापरून जांभळी नाक्यावरून घरी येणं, ही चार शब्दांची नोंद टप्पा ठरली. त्यानंतर त्या भाजीला, देवळात, मैत्रिणीकडे आमच्याशिवाय जायला लागल्या आणि माझे शनिवार मोकळे झाले.

टप्पे सात-आठच्या वर गेले तर पुन्हा चाळा. तीनच निघाले तर तीन.

इथले सापळे सांगते.

ऑफिसच्या अप्रेझलसारखं लिहायला लागाल. 'अमुक साध्य केले, तमुकवर काम सुरू आहे.' असं वाक्य दिसलं की खोडा आणि शेजारणीला सांगाल तसं लिहा.

दुसऱ्याचा आढावा वाचून मग स्वतःचा लिहू नका. डिसेंबरात सगळे जण मॅरेथॉन धावलेले असतात. उपवनला तलावाभोवती रोज दोन फेऱ्या मारणारी बाई मग स्वतःच्या फेऱ्या लिहायलाच लाजते.

आकड्यांच्या मागे लागू नका. 'बावन्न पुस्तकं' हा संकल्प मी एका वर्षी केला आणि ऑक्टोबरपासून पातळ पुस्तकं निवडायला लागले.

५. आवडत्या गोष्टींची यादी: नियम वेगळे

टप्प्यांना जी चाळणी लावली ती इथे लावायची नाही. पुस्तकाने किंवा नाटकाने आयुष्य बदलावं अशी सक्ती नाही. हसवलं, पुरे.

आधी कच्चा माल. नेटफ्लिक्सवर ब्राउझरमधून लॉगिन केलंत तर प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये पाहिलेल्या सगळ्याची तारीखवार यादी मिळते, उतरवूनही घेता येते. यूट्यूबची नोंद खात्यात असते, पण ती ३, १८ किंवा ३६ महिन्यांनी आपोआप पुसली जाण्याची सोय आहे. तुमची किती महिन्यांवर लावलेली आहे ते जानेवारीतच बघून ठेवा, डिसेंबरात बघून उपयोग नाही. गाण्यांची ॲप डिसेंबरच्या सुमारास स्वतःहून वार्षिक हिशोब दाखवतात. त्याच्यावर विसंबू नका. एक तर वर्ष संपायच्या आधीच तो हिशोब बंद होतो. आणि फोन घरात कोणाच्या हातात होता हे ॲपला कळत नाही. गेल्या वर्षी माझं सर्वाधिक ऐकलेलं गाणं एक बडबडगीत होतं. भाचा सुट्टीला आला होता आणि भात भरवायचा होता.

कच्ची यादी झाली की पुढचं असं करा.

*त्या वर्षी आलेलं आणि त्या वर्षी पाहिलेलं यात घोळ घालू नका.* हा तुमचा आढावा आहे, पुरस्कार समितीचा नाही. साठ वर्षांपूर्वीचं पुस्तक यंदा वाचलं असेल तर ते यंदाचंच. ठाण्यातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारखी १८९३ पासूनची संस्था हाताशी असताना फक्त नवंकोरं मोजायचं म्हणजे नदीकाठी बसून बाटलीतलं पाणी पिणं.

*दोन महिन्यांची कसोटी लावा.* पाहून दोन महिने झालेल्या गोष्टीतलं काय आठवतं, ते न बघता लिहा. काहीच आठवलं नाही तर यादीतून बाहेर, तेव्हा कितीही टाळ्या वाजवलेल्या असोत. नोव्हेंबर-डिसेंबरात पाहिलेल्यांची वेगळी छोटी यादी करा आणि ती पुढच्या वर्षी मार्चमध्ये उघडा. ताज्याचा वास जास्त येतो, म्हणून.

*कुठे आणि कोणाबरोबर, हे लिहाच.* नुसतं नाव आणि पाचपैकी चार तारे, यातून पाच वर्षांनी काहीही उमगत नाही. माझी एक नोंद अशी आहे: 'दुपारचा प्रयोग, गडकरी. बाल्कनी, डी रांग. मध्यंतरात बटाटेवडा संपला होता. सुटल्यावर मी आणि नणंद तलावपाळीवर अर्धा तास न बोलता बसलो, मग ती म्हणाली, चल, उशीर होईल.' या नोंदीत नाटकाबद्दल एक शब्द नाही. तरी ते नाटक काय होतं ते मला पुरतं आठवतं.

*अर्धवट सोडलेल्यांची यादी.* ही मी चौथ्या वर्षी सुरू केली आणि आता तीच सगळ्यात आधी वाचते. कुठल्या पानावर, कुठल्या भागावर सोडलं आणि का. 'पान ७४, मराठी कळेना', 'तिसरा भाग, सगळे अंधारातच बोलतात, लाइट लावा म्हणावं'. आपली आवड यातून जास्त स्वच्छ दिसते. माझ्या लक्षात आलं की मी रहस्यकथा कधीच सोडत नाही आणि आत्मचरित्रं बालपण संपलं की सोडते.

घोडबंदर रोडकडे राहणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना: नाटकं कमी पाहिली म्हणून स्वतःला दोष देण्याआधी मॅपवर शनिवार संध्याकाळचा ट्रॅफिक बघा. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहातले प्रयोग आधी धरा. गडकरी म्हटलं की निघण्यावरूनच घरात भांडण होतं.

६. वाईट झालं त्याचं

लिहायचं. पण वेगळ्या पानावर आणि शेवटी. सुरुवातीलाच ते काढलंत तर बाकीचं वर्ष लिहून होत नाही. ज्या वर्षी माझे वडील गेले त्या वर्षी मी पहिल्या रविवारीच त्या तारखेपाशी पोचले आणि वही मिटली ती फेब्रुवारीत उघडली. आता मी त्या तारखेच्या चौकटीला चिकटपट्टीने कागदाचा तुकडा लावते आणि पुढच्या महिन्यावर जाते. नंतर उचलते.

नोकरी गेली, घर बदलावं लागलं, कोणाशी फिसकटलं, हे सगळं तारीख आणि दोन ओळींत पुरतं. कारणमीमांसा करत बसू नका, ती दर वर्षी बदलते.

७. लिहा, आणि कोणाला दाखवायचं ते ठरवा

तिसरा रविवार. दोन-तीन पानं पुरेत. आधी टप्पे, मग आवडीच्या गोष्टी, मग ते वेगळं पान. कुटुंबाच्या ग्रुपवर किंवा आणखी कुठे टाकणार असाल तर त्याआधी एवढं तपासा:

- दुसऱ्याचं आजारपण त्याला विचारल्याशिवाय नको. सासूबाईंना मोतीबिंदूचं चाललं, दातांच्या कवळीचं अजिबात चाललं नाही.
- मुलांच्या कॉलेजचं, हॉस्टेलचं नाव नको.
- दरवर्षी कोणत्या आठवड्यात घर बंद असतं, हे जगाला सांगू नका.
- तिकिटाच्या फोटोत क्यूआर कोड, पीएनआर, फोन नंबर दिसतो. झाका.
- पगाराचा आकडा नवऱ्याच्या भावांना नको. हा आपला माझा नियम.

माझ्याकडे दोन प्रती असतात. एक ग्रुपवरची, एक खरी.

८. पुढच्या वर्षाची सोय आत्ताच

महिन्यातून दहा मिनिटं. मी विजेचं बिल भरते त्याच दिवशी बसते, कारण ती तारीख महावितरण विसरू देत नाही. त्या महिन्याचे फोटो, तिकिटं, सोडलेली-संपवलेली पुस्तकं, पाच-सहा ओळी. हे केलंत तर डिसेंबरात तीनऐवजी एकच रविवार लागतो. मी स्वतः सलग जास्तीत जास्त सात महिने केलंय, गणपतीत तुटतं.

राहिलं एक. जुन्या कॅलेंडरच्या बाराही पानांचे फोटो ३१ तारखेच्या आत काढा. एक जानेवारीला सकाळी नवं कालनिर्णय खिळ्यावर चढतं आणि आमच्याकडे जुन्याची पानं दुपारपर्यंत डब्यांच्या फळीवर अंथरलेली असतात. गेल्या वर्षी मला उशीर झाला. मेचं पान हळदीच्या डब्याखाली सापडलं, त्यावर पिवळा गोल उमटलेला. सासूबाई म्हणाल्या, "तो सिलिंडर नाही हं."